चिठ्ठीच्या आडोशाने

दारूविषयी बोलण्यास आमच्या धर्मग्रामात कोणी कचरत नाही. उपवासकाळ आला की प्रवचनांतून दारूचा समाचार घेतला जातो, लग्नसराईत मांडवातल्या बाटल्यांविरुद्ध ठराव होतात, आणि दारुडा कोणाच्या घरात आहे हे साऱ्या आळीला ठाऊक असते. त्याच आळीतली एखादी माउली रोज सकाळच्या मिस्साला येते, जपमाळ चुकवत नाही, आणि पर्समधल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याच्या दुप्पट-तिप्पट घेते. तिच्या तोंडाला वास येत नाही, तिचा तोल जात नाही, ती कोणास शिवीगाळ करीत नाही. शिवाय तिच्याजवळ डॉक्टरांची चिठ्ठी आहे. त्या चिठ्ठीच्या आडोशाने तिचे घर आतून पोखरले जात असते आणि आपण तिला 'किती सोसते बिचारी' म्हणून पुढे जातो.

आमचे म्हणणे असे की, चिठ्ठीने सुरू झालेली गोळी सुटेनाशी होते तेव्हा तो आजार असतो. त्यास पाप समजून झाकू नये आणि मनाची दुर्बलता समजून हिणवू नये. आजाऱ्याने मदत मागावी व धर्मग्रामाने ते मागणे सोपे करावे. आज आपण नेमके उलट करीत आहोत.

हे आम्ही ऐकीव गोष्टींवरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन आठवड्यांपुरत्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या दिल्या. दुखणे महिनाभरात ओसरले. गोळी मात्र पावणेदोन वर्षे चालली. प्रथम पाठीसाठी, मग झोपेसाठी, पुढे केवळ सकाळी अंथरुणातून उठता यावे म्हणून. एका दुकानदाराने जुन्याच चिठ्ठीवर किती वेळा गोळ्या दिल्या याची मोजदाद नाही. त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. घरात स्ट्रिपा लपविण्यास जागा पुरेनात, तेव्हा माळ्यावरच्या नाताळगोठ्याच्या खोक्यात, मेंढरांच्या पेंढ्याखाली, आम्ही त्या दडविल्या. डिसेंबरात पत्नीने गोठा मांडण्यासाठी तो खोका उघडला. रिकाम्या स्ट्रिपा तिने टेबलावर एकापुढे एक मांडल्या आणि विचारले, "अहो, एवढं दुखत होतं, तर मला का नाही सांगितलंत?" दुखत नव्हते, हेच तर सांगता येत नव्हते.

ज्यांना हे सारे मनोबळाचे प्रकरण वाटते, त्यांनी शरीराचा व्यवहार समजून घ्यावा. ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फीन ही अफूच्या जातीची औषधे होत. काही अफूपासून काढलेली, काही प्रयोगशाळेत घडविलेली. ती मेंदूतील ठरावीक केंद्रांवर बसून वेदनेचा निरोप मंद करतात. दीर्घकाळ घेतल्यास मेंदू त्यांच्याशी जुळवून घेतो आणि तेवढ्याच आरामासाठी मात्रा वाढवावी लागते. गोळी अचानक तोडली तर घाम, जुलाब, अंगदुखी, नाक वाहणे, तळमळ आणि निद्रानाश यांनी माणूस हैराण होतो. या अवस्थेत आजाऱ्याला वाटते की आपले मूळचे दुखणेच उलटले, आणि तो पुन्हा स्ट्रिपकडे वळतो. येथे चारित्र्याचा प्रश्न कोठे आला?

आपल्या समाजात असे काही नाही, असे म्हणणारेही भेटतात. केंद्र सरकारने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. अफूवर्गीय औषधी गोळ्या व सिरपे वैद्यकीय कारणाविना घेणाऱ्यांचे प्रमाण १० ते ७५ वर्षे वयोगटात सुमारे एक टक्का आढळले. हेरॉइनचे प्रमाण त्याहून थोडेच अधिक होते. हा एक टक्का आपल्या चर्चचे फाटक पाहून बाहेर थांबतो काय?

कायदा नाही, असेही नाही. मार्च २०१४ पासून ट्रॅमाडॉलसारखी औषधे विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव केमिस्टने स्वतंत्र वहीत नोंदवावयाचे असते, आणि एप्रिल २०१८ मध्ये हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याखाली आणले गेले. तरीही जुनी चिठ्ठी चालते, कारण ती चालावी अशीच गिऱ्हाइकाची व दुकानदाराची मूक संमती असते. आणि चिठ्ठी खरी असली तरी ती अभयपत्र नव्हे. अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन ही गोळी १९९६ साली बाजारात आली. तिची सवय लागण्याचा धोका कमी असल्याचे भासविल्याबद्दल तिच्या उत्पादक कंपनीने २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या अकरा वर्षांत ज्यांची घरे बसली, त्यांतील असंख्यांच्या हाती डॉक्टरांनी विश्वासाने लिहिलेली चिठ्ठीच होती.

आता आपल्या घरच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सोशिकतेचा. आपल्याकडे सांगितले जाते की, दुःख देवाला अर्पण करावे. कालवारीवर गंधरस मिसळलेला द्राक्षारस पुढे केला असता प्रभूने तो घेतला नाही, मग आपण गोळ्या कशाला घ्याव्यात? परिणामी गोळी घेणे हीच आधी लाज ठरते, आणि जी गोष्ट लाजेने सुरू होते ती लपूनच वाढते. वास्तविक ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना तीव्र वेदनेवर अफूवर्गीय औषधे योग्य मर्यादेत देण्यास मोकळेपणी मान्यता दिली. १९८० साली रोमहून निघालेल्या घोषणापत्राने स्वेच्छेने वेदना सोसणाऱ्याचा गौरव केला, पण ते वीरव्रत सर्वांवर लादणे शहाणपणाचे नाही असेही बजावले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली दुःखाच्या मोलाविषयी जे प्रेषितपत्र लिहिले, त्याच्या शेवटाकडे त्यांनी उभा केला तो दयाळू शोमरोनी. वाटेवर पडलेल्या त्या जखमी माणसास शोमरोनीने सोशिकतेचे प्रवचन दिले नाही. त्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावला, त्याला उचलून उतारशाळेत नेले आणि पुढचा खर्चही अंगावर घेतला.

दुसरा आक्षेप भक्तीचा: विश्वास दृढ असेल तर गोळी आपोआप सुटेल. आम्हांसही हेच सांगण्यात आले. नऊ दिवसांचा नोव्हेना आम्ही केला, आणि गोळी एका झटक्यात सोडली. तिसऱ्या रात्री आम्ही न्हाणीघराच्या फरशीवर पडून होतो, आणि पाचव्या दिवशी पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर. त्यानंतर गोळीच्या जोडीस 'आपला विश्वास खोटा' ही नवी यातना आली. प्रार्थनेचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. त्या दिवसांत तीच एक दोरी हाती होती. पण मोडलेल्या हातावर प्लास्टर घालण्याऐवजी केवळ प्रार्थना करा, असे कोणताही धर्मगुरू सांगत नाही. सिराच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय वैद्याला देवानेच नेमले आहे असे मानतो. मग मेंदूच्या आजाराच्या वेळी तोच वैद्य आपल्याला परका का वाटावा? पापनिवेदनाने आमच्या लपवाछपवीस क्षमा मिळाली, आणि ती हवीच होती. शरीराची सवय उतरविली ती सरकारी रुग्णालयातील एका मनोविकारतज्ज्ञाने, टप्प्याटप्प्याने मात्रा कमी करीत, चार महिन्यांत. काहींना ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देखरेखीखाली द्यावे लागते. तेही उपचारच होत, एका व्यसनाऐवजी दुसरे नव्हे.

येथे एक खुलासा अवश्य करावयास हवा. आमचे हे लिखाण वाचून कोणी कर्करोगाच्या रुग्णाची मॉर्फीनची गोळी हिरावून घेईल, तर तो अधिक मोठा अपराध ठरेल. १९८५ च्या कायद्याच्या धाकाने या देशात मॉर्फीन खऱ्या गरजवंतांनाही दुर्मीळ झाले होते. ते सुलभ व्हावे म्हणून २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आमचे भांडण औषधाशी नाही, औषधाभोवतीच्या मौनाशी आहे. तसेच, ज्यास सवय लागली आहे त्याची गोळी घरच्यांनी परस्पर बंद करू नये. प्रथम डॉक्टर गाठावा.

मग धर्मग्रामाने काय करावे? दारूच्या बाबतीत आपण वाट शोधली आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून कृपा फाउंडेशनचे कार्य सुरू केले. पुण्यात अनिता व अनिल अवचट या दांपत्याने १९८६ साली मुक्तांगण उभारले. ही दारे गोळ्यांच्या आहारी गेलेल्यांनाही खुली आहेत, पण तेथवर पोहोचण्यासाठी आधी कोणी तरी हा शब्द उच्चारला पाहिजे. प्रवचनात दारूच्या जोडीने एकदा तरी गोळ्यांचे नाव निघावे. चर्चच्या फलकावर, मृत्यूच्या सूचनांशेजारी, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक लावावा. आठवड्यातून एक संध्याकाळ सभागृहातील एक खोली अशा माणसांच्या बैठकीस द्यावी, आणि तिच्या दारात कोण आत गेले हे पाहण्यास कोणी उभे राहू नये. आपल्यात केमिस्ट आहेत, परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत. रविवारी एकाच बाकावर बसणाऱ्या शेजाऱ्याला सोमवारी जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देताना 'काका, डॉक्टरांकडे परत कधी गेला होतात?' एवढे विचारणे त्यांना अवघड नाही. आम्हांस कोणी ते पावणेदोन वर्षांपूर्वी विचारले असते तर कदाचित आम्ही रागावलो असतो. पण विचारायला हवे होते.

नाताळगोठ्याचा तो खोका आजही माळ्यावर आहे. दर डिसेंबरात पत्नी तो उघडते, आणि पेंढा झटकताना आम्ही दोघे क्षणभर गप्प होतो. तेवढे मौन घरात चालेल. धर्मग्रामात ते चालता कामा नये.