मोहल्ल्याची बैठक मोडू देऊ नका

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईत ९०० माणसे मारली गेली, अशी नोंद न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली. त्याच दिवसांत शेजारची भिवंडी शांत राहिली. १९७० साली होरपळलेली, १९८४ साली पुन्हा होरपळलेली, दंगल म्हटले की जिचे नाव आधी यायचे ती ही भिवंडी. तिथे हे कसे घडले, ते महाराष्ट्र विसरत चालला आहे. हे विसरणे आपल्याला परवडणार नाही.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. सण जवळ आला की पुढारी आणि प्रतिष्ठितांना बोलवायचे, चहा पाजायचा, सहकार्याचे आवाहन करायचे आणि उठायचे. खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, ७० च्या आसपास. त्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसे घेतली, प्रत्येक समितीला पोलीस जोडून दिला आणि बैठका वर्षभर चालू ठेवल्या. गल्लीतल्या कुरबुरी गल्लीतच मिटू लागल्या. पोलिसाला घरे कळली आणि घरांना पोलीस कळला. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली तेव्हा खोपडे यांची बदली झालेली होती. तरी समित्या जागेवर होत्या, नवे उपायुक्त गुलाबराव पोळ त्यांच्या पाठीशी होते आणि गाव सांभाळले गेले.

त्याच भिवंडीत ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भडका उडाला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. वाद एका जागेचा होता. पण असे वाद समोरासमोर बसून सोडवायची सवय तोवर सुटली होती. समिती एकदा उभारली की कायमची राहते, असे नाही. ती दर महिन्याला बसली तरच जिवंत असते.

मोहल्ला समितीच्या बैठकीत कुणी मोठी भाषणे करत नाही. आमच्या भागातली एक बैठक सांगतो. गणपतीच्या मांडवाचे वासे रस्त्यात पुढे आले होते आणि मागच्या गल्लीत रुग्णवाहिका वळत नव्हती. मशिदीच्या विश्वस्तांनी तक्रार मांडली, मंडळाचा कार्यकर्ता आधी चिडला, मग दोघेही उठून जागा बघायला गेले. बीट अंमलदाराने डायरीत एवढेच लिहिले : 'वासे आत घेणे. शुक्रवारपर्यंत.' शुक्रवारी वासे आत गेले होते. बातमी होण्यासारखे यात काही नाही. पण त्या दिवसापासून कार्यकर्त्याकडे विश्वस्तांचा नंबर आहे, आणि नुसता नंबर नाही, तो लावून बोलायची सवय आहे. रात्री अकरा वाजता मोबाइलवर एखादी अफवा येते तेव्हा ही सवयच कामाला येते.

१७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात अफवा पसरली आणि संध्याकाळी दगडफेक, जाळपोळ सुरू झाली. अफवा आता मिनिटांत गावभर होते. ११२ क्रमांक हवा, सीसीटीव्हीही हवेत. पण कॅमेऱ्यातून गुन्हेगार सापडतो तो गुन्हा घडून गेल्यावर. त्याआधीच्या तासाभरात वस्तीतल्या लोकांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा असतो, आणि तो विश्वास ऐनवेळी मागवता येत नाही.

तो जिथे आहे तिथे काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत मुस्लिम समाजाने आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि सरकारने ईदची सुट्टीही २९ तारखेला दिली. हे लाठीने झाले नाही, बोलून झाले.

म्हणून पोलीस प्रशासनाला आमचे सांगणे आहे. प्रत्येक ठाण्याने मोहल्ला समितीची बैठक दरमहा घ्यावी, सण असो वा नसो. समितीत भाडेकरू, रिक्षाचालक, बाया आणि तरुण पोरे असू द्यावीत. केवळ पक्षाचे ओळखपत्र घेऊन मिरवणाऱ्यांची भरती थांबवावी. आणि बीट अंमलदाराला वस्तीत टिकू द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी ठाणे प्रमुखाला किमान दोन वर्षे द्या, असे बजावले. रोज गल्ली फिरणाऱ्या शिपायालाही तेवढा वेळ हवा. माणसे ओळखीची होईपर्यंत त्याची बदली झाली, तर येणारा नवा शिपाई पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

सरकारलाही मागणे आहे. केरळने २००८ मध्ये 'जनमैत्री सुरक्षा' योजना सुरू केली आणि २०११ च्या पोलीस कायद्यात लोकसहभागाला जागा दिली. ज्या महाराष्ट्रात भिवंडीचा प्रयोग झाला, १९९४ पासून मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी मोहल्ला कमिटी चळवळ उभी केली, तिथे हे काम एकेका अधिकाऱ्याच्या आवडीवर का सोडायचे? त्याला कायद्याचा आधार द्या.

आणि उरलेले काम आपले आहे. पोलीस बोलवत नाहीत, ही तक्रार खरी असेल. पण बोलावल्यावर आपल्यापैकी किती जण जातात? वकील, शिक्षक, दुकानदार, सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त माणसे, सगळ्यांनी महिन्यातली एक संध्याकाळ द्यायला हवी. गटाराचे, नळाचे, पार्किंगचे बोलणे कंटाळवाणे वाटेल. ते ऐकत बसायचे. भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

या आठवड्यात आपल्या पोलीस ठाण्यात जा. आपल्या वस्तीची समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. समिती नसेल तर शेजारच्या पाच घरांच्या सह्या घ्या, त्यातली दोन घरे दुसऱ्या समाजाची असू द्या, आणि ठाणे प्रमुखांच्या नावे अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या आणि पुढच्या महिन्यात बैठकीची तारीख विचारायला पुन्हा जा.