कडुनिंबाला त्याचं नेमकं काम द्या

पावसाळा तोंडावर आला की गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत एक जुना वाद नव्याने पेटतो. एक पक्ष म्हणतो, बाजारातले फवारे म्हणजे विष. कडुनिंबाची धुरी, कापूर, वेखंड, लवंग एवढ्यावर घर निभावतं, आणि झाडपाल्याने कुणाचं वाईट होत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, या सगळ्या भाकडकथा. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा. दोन्ही पक्ष चुकतात, कारण मूळ प्रश्न दोघेही विचारत नाहीत: कीड कोणती, ती राहते कुठे, आणि हा उपाय तिचं नेमकं करतो काय?

झाडपाल्याने वाईट होत नाही, हा दावा आधी तपासू. तंबाखूतलं निकोटीन कीटकनाशक म्हणून पूर्वापार वापरलं गेलं. माणसालाही ते जालीम विषच आहे. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते, पण न्हाताना डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा करते. असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांनी पाहिले आहेत. कडुनिंबाचं तेल पाजल्याने तान्ह्या बाळांच्या मेंदूला सूज येऊन ती दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कापराची वडी लहान मुलाने गिळली तर झटके येतात. घरात रांगतं मूल असेल तर हे सारं औषधांसारखंच, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा फडताळात हवं.

निसर्ग एकीकडे आणि रसायन दुसरीकडे, ही सीमारेषाच मुळात खोटी आहे. कॉइलमधल्या औषधाचं कूळ शेवंतीच्या जातीच्या पायरेथ्रम फुलात आहे. त्या फुलातल्या द्रव्याच्या नमुन्यावर १९४९ साली प्रयोगशाळेत ॲलेथ्रिन तयार झालं. उलट ‘हर्बल’ म्हणून खपणाऱ्या काही डास-अगरबत्त्यांत नोंदणी नसलेली कृत्रिम द्रव्यं सापडली आहेत. वेष्टनावर तुळशीचं पान छापलं म्हणून आतला धूर तुळशीचा होत नाही.

आता फवाऱ्याचा पक्ष. मुंबईने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग आला तेव्हा सरकारने घरं कार्बोलिक ॲसिडने धुतली, भिंतींना चुना फासला. साथ हटली नाही. उंदरावरची पिसू रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडलं. पुढे परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाने ते पक्कं झालं. शत्रू कोण हे कळेपर्यंत शिंपलेलं औषध बहुतांशी वाया गेलं होतं.

ढेकणांच्या बाबतीत आजही तेच चाललंय. ढेकूण पलंगाच्या सांध्यात, कडीपाटाच्या भेगेत, फोटोच्या चौकटीमागे बसतो आणि रक्ताविना महिनोन् महिने तग धरतो. पायरेथ्रॉइड जातीच्या फवाऱ्यांना तो जगभर सरावला आहे. एका खोलीत फवारा मारला तर भिंतीच्या फटीतून तो शेजाऱ्याकडे जातो आणि यथावकाश परततो. त्यावर कडी म्हणजे धान्याच्या गोदामातल्या सल्फासच्या गोळ्या खोलीत ठेवणं. त्यातून निघणारा फॉस्फिन वायूही त्याच फटीतून पलीकडे जातो. शेजारची झोपलेली माणसं त्याने मेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

झाडपालाही विषारी असू शकतो, पण म्हणून घरगुती ज्ञान भाकड ठरत नाही. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की निंबोळीच्या गराचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. कडुनिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याचं युरोपातलं पेटंट २००० साली रद्द झालं आणि २००५ मध्ये अपिलातही तो निर्णय टिकला. त्या वादात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर १९८५ व १९८६ साली झालेल्या चाचण्यांचा दाखला दिला गेला. परंपरेचा मान नुसत्या अभिमानाने राखला जात नाही. प्रयोग करून त्याची नोंद ठेवली, की तो जगाला मानावा लागतो.

त्याच कसोटीवर घर पाहू. निंबोळीतलं अझॅडिरॅक्टिन किड्याची भूक मारतं, कात टाकणं बिघडवतं. ते सावकाश काम करतं. म्हणून त्याची जागा पिकावर आणि कुंडीतल्या रोपावर. तूर, हरभरा, गहू यांना चोळलेलं एरंडेल कीटकांच्या अंड्यांचा श्वास कोंडतं. लालबागच्या मिरची गल्लीतून कुटून आणलेल्या मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा, लोकरीच्या कपड्यांत वेखंड: या कामांना फवारा कशाला हवा? उवांना दाट दातांची फणी, रोज, चिकाटीने. झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या मोरीच्या कोपऱ्यात, मुलांच्या हाताबाहेर. ढेकणांना उकळतं पाणी: खाट खोलून प्रत्येक सांध्यात ओतायचं, अंथरुणं गरम पाण्यात धुवायची, आणि मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांनी एकाच दिवशी. एवढ्याने भागलं नाही, तर परवानाधारक माणसाकडून सगळ्या मजल्याचं औषधकाम करून घ्यावं.

डासांच्या बाबतीत मात्र धुरीवर भिस्त ठेवू नका. ती घटकाभर डास हाकलते, त्यांची पैदास थांबवत नाही. सी. ए. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईच्या हिवतापाचं मूळ विहिरींत वाढणाऱ्या डासांत दाखवलं होतं. आज तोच ॲनोफिलिस स्टीफेन्साय गच्चीवरच्या उघड्या टाकीत वाढतो. डेंग्यूचा एडिस पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. टाकीला घट्ट झाकण आणि आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करणं, यापुढे कापूरही फिका आणि कॉइलही.

म्हणून चाळ समित्यांना आग्रहाने सांगणं आहे: गणपतीच्या वर्गणीसाठी जशी दारोदार हाक देता, तशी जूनच्या आधी टाकी आणि ढेकणांसाठी द्या. आणि गिऱ्हाइकांनो, ‘हर्बल’ म्हणून काही हातात पडलं तर विचारा: वनस्पती कोणती, तिचा कुठला भाग, किती प्रमाण, कोणत्या किडीवर आणि कुणापासून दूर ठेवायचं? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी झालेली निंबोळीची औषधं ही माहिती वेष्टनावर देतात. जो देत नाही, त्याचा माल घेऊ नका.