मोटर घेताना पेडलही बघा
शिलाई मशीनची मोटर जळली की दुकानात बहुतेक जण किंमतच विचारतात. पायाखालच्या पेडलवरचं लेबल कुणी वाचत नाही, आणि हे मला फार खटकतं. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. नव्या मोटरचे अँपिअर त्याहून जास्त असले, तर पेडल तापतं, आतून जळतंही. जुन्या पेडलमध्ये रोधक तार किंवा कार्बनच्या चकत्या असतात. त्याला फारच लहान मोटर जोडली, तर जरा दाबताच मशीन सुसाट सुटतं, आणि कॉलरच्या वळणावर जिथे एकेक टाका सावकाश घालायचा, तिथेच हात फसतो. परदेशातून आणलेली 110 व्होल्टची मोटर आपल्या 230 व्होल्टवर थेट लावूच नका. सर्व्हो मोटर घ्यायची असेल, तर तिचाच कंट्रोलर सोबत घ्या. जुनं पेडल तिला चालत नाही.