सिनेस्टाईल म्हणजे नक्की कुठल्या सिनेमाची स्टाईल?

आमच्या धंद्यात एक शब्द फार लाडका आहे. भरचौकात कुणी कुणावर कोयता चालवला की हेडिंग तयार : ‘सिनेस्टाईल थरार’. पाठलाग सिनेस्टाईल, गोळीबारही सिनेस्टाईल. वाचून मेलेल्यापेक्षा मारणाऱ्याचाच रुबाब जास्त दिसतो. म्हणून विचारतो मंडळी, कुठल्या सिनेमाची स्टाईल?

कारण ‘इन ब्रूज’ हाही सुपारी घेऊन मारणाऱ्यांचाच सिनेमा आहे. २००८ चा, मार्टिन मॅकडोना यांचा. (शेवट सांगणार आहे. इतकी वर्षं झाली, आता तक्रार नको.) रे आणि केन हे दोन आयरिश मारेकरी काम उरकून लंडनहून बेल्जियममधल्या ब्रूज या जुन्या गावात लपायला येतात. नाताळचे दिवस, हॉटेल भरलेलं, दोघांत एकच खोली. केनला कालवे, चर्च, घंटेचा मनोरा सगळं बघायचंय. रे मात्र सहलीला जबरदस्तीने आणलेल्या आठवीतल्या पोरासारखा तोंड वाकडं करून फिरतो. हसून हसून पुरेवाट होते.

मग कळतं, काम काय होतं. एका पाद्र्याची सुपारी, रेची पहिलीच. पाद्र्याला घातलेली गोळी आरपार जाते आणि मागे पापांची कबुली द्यायला थांबलेलं लहान पोरगं मरतं. पोराच्या हातात चिठ्ठी, स्वतःच्या पापांची यादी. त्यात गणितात कच्चा असणं हेही एक पाप!

विनोद पुढेही चालूच राहतो, पण ती चिठ्ठी डोक्यातून जात नाही. रेच्याही जात नाही. बॉस हॅरीच्या हुकमावरून केन त्याला मारायला बागेत जातो, मागून पिस्तूल रोखतो, तर समोर रे स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावून बसलेला. मारायला आलेला माणूस त्याला वाचवतो. या प्रसंगात हसावं की गप्प बसावं कळत नाही. कॉलिन फॅरेलला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळाला, तोही विनोदी-संगीतपट गटात.

आणि हॅरीचं ‘तत्त्व’? लहान मूल मारणाऱ्याला जगायचा हक्क नाही. सुपाऱ्या देणाऱ्याचं तत्त्व! आपल्याकडे याच वाक्याला स्लो मोशन मिळाली असती आणि दुसऱ्या दिवशी ते पोरांच्या स्टेटसला असतं. मॅकडोना त्याची फजिती करतो. हॅरीची गोळी शूटिंगसाठी शाळेचा गणवेश घातलेल्या एका ठेंगण्या नटाला लागते. हॅरीला वाटतं मूलच मेलं, आणि तो तिथल्या तिथे स्वतःला संपवतो. (त्या नटाच्या उंचीवरचे विनोद मात्र मला खटकले. जरा अतीच आहेत.)

‘आम्ही फक्त वास्तव दाखवतो’ असं आपले सिनेमावाले म्हणतात. बरं, ‘वास्तव’च घ्या. १९९९ चा, महेश मांजरेकरांचा. शेवटी आईच रघूला गोळी घालते. लक्षात काय राहिलं? पन्नास तोळ्यांची साखळी! म्हणजे दोष एकट्या सिनेमावाल्यांचा नाही. आपण आपल्याला हवं तेवढंच उचललं. तलवारीने केक कापणारी पोरं आकाशातून पडली नाहीत राव, त्यांच्या फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक’ म्हणून कोण कोण असतं ते बघा एकदा.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदीने काही होत नाही. माझं भांडण आधी आमच्याच लोकांशी आहे. मारणाऱ्याचं नाव आपण टोपणनावासकट, ‘उर्फ’सकट छापतो. मेलेला मात्र ‘एक इसम’. तो काय करायचा, घरी कोण आहे, पोरं कितवीत आहेत, यातलं एक ओळभरही नाही. सिनेमातल्या त्या पोराला निदान एक चिठ्ठी तरी मिळाली.

तेव्हा हेडिंग लावणाऱ्या सगळ्या मित्रांना सांगणं आहे, उद्यापासून तो ‘सिनेस्टाईल’ काढा आणि त्या जागेत मेलेल्याचं नाव लिहा. जागा पुरते.

बाकी सिनेमा जरूर बघा. शिव्या भरपूर आहेत, घरच्यांसोबत बसू नका.