पत्रक इंग्रजीत, रॉड तात्यांच्या हातात

'कटिंग' म्हटलं की होस्टेलवाल्यांना आधी गेटबाहेरची टपरी आठवते. हा लेख दुसऱ्या कटिंगबद्दल आहे, लोखंडाच्या. (लगेच पान उलटू नका, प्लीज!)

एफ.ई.ला वर्कशॉपमध्ये गॅस कटिंगचं जर्नल आपण सगळ्यांनीच लिहिलंय. टॉर्चची आकृती, तीन प्रकारच्या ज्योती, उपयोग चार, मर्यादा चार, खाली सरांची सही. व्हायवाला प्रश्नही ठरलेला, "न्यूट्रल फ्लेम ओळखायची कशी?" पण ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात का लावायचा नाही, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आणखी दोन वर्षांनी आपल्यातले निम्मे जण कुठल्या तरी साईटवर हॉट वर्क परमिटवर सह्या करत असतील. टॉर्च हातात धरणारा असेल कंत्राटदाराचा माणूस, आणि सही असेल आपली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी केमिस्ट्री. गॅस कटिंगमध्ये लोखंड वितळवून कापतात, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाहीये. ज्योतीने लोखंड लालबुंद केलं आणि त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की ते चक्क जळतं. जळताना इतकी उष्णता बाहेर पडते की पुढचं लोखंड आपोआप तापत जातं. किती उष्णता? एक किलो लोखंड पूर्ण जळलं तर साधारण ६.७ मेगाज्यूल. आंघोळीचं गार पाणी वीसेक लिटर उकळेल एवढी! (आपल्या गीझरची आठवण कुणी काढू नये.) शिवाय लोखंडाचा साधा ऑक्साइड १३७७ अंशांना वितळतो आणि लोखंड १५३८ ला. त्यामुळे जळालेला भाग पातळ होऊन वाहून जातो आणि फट मोकळी राहते. स्टेनलेस स्टीलचं गणित नेमकं उलटं आहे. क्रोमियमचा ऑक्साइड वितळायला २४०० च्या वर जावं लागतं, म्हणून तो पापुद्र्यासारखा बसून राहतो आणि ऑक्सिजनला आत जाऊ देत नाही. बिडाचीही अशीच रडकथा.

इथे कामाला येतो एक्झोथर्मिक रॉड. प्रकार अगदी साधा आहे. पोलादाची बारीक नळी, आत पोलादाच्या तारा कोंबलेल्या, आणि तारांच्या मधून ऑक्सिजन. टोकाला बॅटरीची ठिणगी दिली की नळीच पेटते. इंधन वेगळं नाही, ॲसिटिलीन नाही, रॉड हेच इंधन. तो मिनिटभरात संपतो, पण तेवढ्यात स्टेनलेस, बीड, गंजून एकजीव झालेले बोल्ट, काय वाटेल ते कापतो. याचाच थोरला भाऊ म्हणजे थर्मिक लान्स. तो काँक्रीटलाही भोक पाडतो. कंपन्या तापमान १०,००० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५,५०० सेल्सियस सांगतात. लोखंड २८६२ अंशांना उकळतं, हे लक्षात घेतलं तर मला तो आकडा जाहिरातीचाच वाटतो. पण काम होतं, हे मात्र खरं. ते मी बघितलंय.

गेल्या उन्हाळ्यात इनप्लांट ट्रेनिंगला मी एका साखर कारखान्यात होते (नाव लिहीत नाही). ऑफ-सीझनची दुरुस्ती चालू होती. लोडरच्या बकेटची एक पिन अशी जाम झालेली की घण मारून, गॅसने तापवून, शिव्या घालूनही हलेना. मग कंत्राटदाराने रॉडचं खोकं आणलं. कापणार होते तात्या. वय पंचावन्नच्या पुढे, गॅस कटिंगमध्ये तीस वर्षं गेलेली, पण हे खोकं पहिल्यांदाच बघत होते. सुपरवायझर म्हणाले, "तात्या, आपल्या गॅससारखंच आहे, फक्त जोरात चालतं." आणि निघून गेले चहाला.

खोक्यात सूचनांचं पत्रक होतं. चार पानं, बारीक टाइप, सगळं इंग्रजीत. तात्यांनी ते उलटसुलट केलं आणि माझ्याकडे दिलं. "ताई, तुम्ही वाचा की. काय म्हणतंय ते सांगा आम्हाला."

मी कॉन्व्हेंटची. इंग्रजी वाचायला अडचण शून्य. पण सांगायला गेले आणि गाडी पहिल्याच ओळीत अडकली. मी म्हटलं, "ज्वालाग्राही पदार्थ जवळ नकोत." तात्या हसले. "म्हणजे पेट घेणारं काही नको, असंच ना?" असंच! वाचता येणारीला बोलता येत नव्हतं आणि ज्याला करायचं त्याला वाचता येत नव्हतं. त्या पत्रकाची चार पानं सांगायला आम्हाला पाऊण तास लागला. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं.

कारण 'गॅससारखंच आहे' हे वाक्य चुकीचं आहे. गॅस टॉर्चचं नोझल कामापासून थोडं वर धरतात. हा रॉड कामाला टेकवून ओढायचा असतो. उचलला की ऑक्सिजन वाया जातो आणि धार तुटते. टॉर्च जळून लहान होत नाही, रॉड मात्र दर सेकंदाला आखूड होत हाताकडे येतो. म्हणून दोनेक इंच उरले की थांबायचंच, नाहीतर होल्डर पेटतो. थांबायचं कसं, तर लीव्हर सोडून द्यायचा. ऑक्सिजन बंद की जळणं बंद. (घाबरलेला माणूस मूठ घट्ट आवळतो, त्यामुळे हे आधी दोनदा करून बघायला हवं. तात्यांनी रॉड न पेटवता चांगलं चार वेळा केलं.) कापायला कडेपासून सुरुवात करायची, म्हणजे पातळ झालेला माल खाली जायला वाट मिळते. मधेच भोक पाडायला गेलात तर तोच माल उलटा तोंडावर येतो. अंगात नायलॉन-पॉलिस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं. सुती कपडे आणि वरून चामड्याचं. पँट बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नाही, म्हणजे ठिणगी बुटात उतरत नाही. काँक्रीटवर काम असेल तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ढलपे उडतात, हे वेगळंच. आणि बंद पिंपं, टाक्या, नळकांडी आत काय होतं हे कळल्याशिवाय आणि नीट धुतल्याशिवाय कापायचीच नाहीत. रिकामं पिंप भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ आणि हवा मिसळून तयारच बसलेली असते.

तात्यांनी पिन कापली. दोन रॉडमध्ये.

आता ऑक्सिजनबद्दल, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. हवेत तो २१ टक्के असतो. २४-२५ टक्के झाला तरी कपडे, केस, ग्रीस सगळं भलत्याच वेगाने जळायला लागतं. आणि आपल्याकडे घाम आला की ऑक्सिजनचा पाइप शर्टात सोडणारे, कपड्यांवरची धूळ त्याने उडवणारे महाभाग ठिकठिकाणी सापडतील.

२३ सप्टेंबर १९७६ ला इंग्लंडमध्ये, टाइन नदीवरच्या स्वान हंटर गोदीत 'एचएमएस ग्लासगो' नावाची युद्धनौका बांधली जात होती. आदल्या दिवशी एका उपकंत्राटदाराच्या माणसाने ऑक्सिजनची नळी जहाजात खालच्या भागात तशीच ठेवली होती, आणि तिच्यातून रात्रभर ऑक्सिजन गळत राहिला. सकाळी एका वेल्डरने आर्क पेटवला आणि क्षणात भडका उडाला. आठ माणसं गेली. कोर्टात जे बाहेर आलं ते मला आगीइतकंच भयंकर वाटतं. गोदीकडे ऑक्सिजनच्या धोक्याबद्दल सूचनांची पुस्तिका होती! नळी बाहेर काढून ठेवा, बंदिस्त जागेत सोडू नका, सगळं. स्वतःच्या कामगारांना ती वाटलेली होती. उपकंत्राटदारांच्या कामगारांना मात्र, मागितल्याशिवाय, नाही. १९८१ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की आपल्या माणसांना सुरक्षित ठेवायचं तर शेजारी काम करणाऱ्या दुसऱ्याच्या माणसांनाही माहिती देणं ही तुमची जबाबदारी आहे.

म्हणजे माहिती छापलेली असणं वेगळं आणि ती नळी धरणाऱ्यापर्यंत पोचणं वेगळं. आपल्याकडे यात भाषेची आणखी एक भिंत आहे. कटर मराठी, हिंदी, भोजपुरी, ओडिया बोलणारे, आणि पत्रक इंग्रजीत. मग कुणीतरी 'गॅससारखंच आहे' म्हणून मोकळा होतो.

यावर काही मित्र म्हणतात, "हे आयटीआयवाल्यांचं काम, आपण डिझाइनवाले." सिलक्याराचा बोगदा आठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ४१ कामगार १७ दिवस आत अडकले होते. ऑगर मशीन पाइपात अडकून मोडलं, तेव्हा जेमतेम माणूस सरपटेल एवढ्या पाइपात शिरून त्याचे तुकडे कापून काढावे लागले. प्लाझ्मा कटर हैदराबादहून आणावा लागला. मोठमोठे तज्ज्ञ बाहेर उभे होते आणि सगळं अडलं होतं लोखंड कापण्यावर. कुठल्या जागेत काय वापरायचं, धूर कुठे जाणार, उष्णता कुठे जाणार, हे ठरवणं इंजिनिअरचंच काम आहे. कापून झाल्यावर निदान अर्धा तास (अमेरिकेची एनएफपीए आता एक तास म्हणते) तिथे माणूस बसवायचा, कारण भुशातली ठिणगी उशिरा जागी होते, हेही परमिटवर सही करणाऱ्यानेच बघायचं.

दुसरा आक्षेप स्टाफकडून येईल, की सिलॅबसमध्ये वेळ नाही. मान्य. पण एका प्रॅक्टिकलमधली दहा मिनिटं? ज्योतींची नावं तीनाऐवजी दोन सांगा, हवं तर! आणि आमच्या बॅचने प्रत्येक मशीनजवळ लावायला एक-एक पान मराठीत आणि हिंदीत लिहावं, टर्मवर्क म्हणून. 'सूचना समजावून सांगणे' याला मार्क द्या. बघा, आम्ही कॉन्व्हेंटवाले कसे घामाघूम होतो ते.

गॅस कटिंगचं एक पान मी करून पाहिलंय. वर्कशॉपमध्ये सिलिंडरच्या शेजारी, भिंतीवर चिकटवलंय. काळा सिलिंडर ऑक्सिजनचा, मरून ॲसिटिलीनचा, तो आडवा ठेवायचा नाही, तेलाचा हात लावायचा नाही, काम संपलं की नळी बाहेर, वगैरे. वर्कशॉपच्या मामांनी त्यातले सहा शब्द बदलले, सगळे बरोबर बदलले. एका शब्दावर अजून वाद चालू आहे. स्लॅगला मी शब्दकोशातून शोधून 'मळी' लिहिलं होतं. साखर कारखान्यात मळी म्हणजे भलतंच काहीतरी असतं, हे तात्यांनी फोनवर हसत हसत सांगितलं. सध्या तिथे पेन्सिलीने 'स्लॅग' लिहिलंय. कुणाला चांगला शब्द माहीत असेल तर खाली लिहून जा, पेन्सिल दोरीला बांधलेली आहे.