काम केलेले इंजिन, सात पावसाळे उभे

मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावाजवळून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव-पत्ता देत नाही. त्यांच्या मरहूम पतींनी घरच्या डिझेल जीपचे इंजिन उतरवून पूर्ण काम करून घेतले होते. त्यानंतर गाडी जेमतेम महिनाभर चालली. पुढे ते आजारी पडले आणि अल्लाहला प्यारे झाले. तेव्हापासून जीप घरामागच्या पत्र्याच्या छपरात उभी आहे. सात पावसाळे गेले. आता शेतातली भाजी बाजाराला न्यायला त्यांचा भाचा ती विकत मागतो आहे. भंगारवालाही येऊन वजनाचा भाव सांगून गेला. भगिनी विचारतात, "इंजिन नवे केले आहे, तर नव्याचा भाव मागावा का? आणि उद्या भाच्याच्या गळ्यात खर्च पडला तर त्याला तोंड कसे दाखवू?"

प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला आहे, हे आम्हाला फार आवडले. विकणारी बाई एकटी आहे, तिला लुटू नये. घेणारा मुलगा उसनवारी करून घेणार, त्यालाही बुडवू नये. म्हणून उत्तरही दोघांसाठीच देतो.

आपा, "नवे केले" हे त्या दिवसाचे वर्णन आहे, आजचे नव्हे. इंजिनाचे काम झाले त्या दिवशी ते चांगले असेलच. पण भाव ठरतो तो त्यातले आज काय शिल्लक आहे यावर. काम केलेले इंजिन चालत राहिले तर टिकते, उभे राहिले तर बिघडते. याचे कारण समजून घ्या. चार सिलिंडरचे इंजिन कुठेही थांबले तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. आपल्या भागात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ती ओली हवा उघड्या व्हॉल्व्हमधून आत शिरते आणि रात्री गारव्याने तिचे पाणी होते. लायनरवर लावलेले तेल तोवर निथळून खाली गेलेले असते. नव्या लायनरला रिंगा बसाव्यात म्हणून तिरप्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघांत गंज धरतो आणि रिंग जिथे टेकलेली असते तिथेच चिकटते. रबराचे सील कडक होतात. डिझेलमध्ये पाणी उतरते आणि पंपाचे बारीक भाग जाम होतात.

म्हशाच्या जत्रेत पौषात बैलांचा बाजार भरतो, तो आपण पाहिलेला आहे. तिथे कुणी मालकाच्या शब्दावर बैल घेत नाही. तोंड उघडून दात बघतात: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. मग चालवून बघतात. इंजिनालाही असे दात असतात आणि ते बिलात सापडतात.

म्हणून पहिले काम कपाटातले. ज्या लेथवाल्याकडे काम झाले त्याचे बिल शोधा. त्यात क्रँक कितीने घासला ते लिहिलेले असते. गॅरेजात दहा, वीस, तीस असे म्हणतात. म्हणजे इंचाचा हजारावा भाग धरून दहा, वीस, तीस भाग. दहाने घासलेला क्रँक पुढे आणखी घासता येतो. शेवटच्या मापाला आलेला क्रँक पुढच्या वेळी बदलावाच लागतो. तसेच लायनर नवे घातले की जुनेच बोअर केले, पिस्टन कोणत्या मापाचे, हेही बिलात मिळेल. बिल नसेल तर "फुल काम झाले" या शब्दाला भावात जागा देऊ नये. बिल असेल तर ते गाडीच्या किल्लीइतके जपा.

त्याच वेळी आरसी काढून इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेल्या कंपनीच्या जुन्या जीपांत प्यूजोचे २,११२ सीसीचे इंजिन असते, काहींत २,५२३ सीसीचे डीआय. कामाच्या वेळी ब्लॉक बदललेला असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर ती अडचण आरटीओत उभी राहते.

दुसरे काम म्हणजे एक गोष्ट न करणे. बॅटरी लावून सेल्फ मारू नका आणि गाडी ढकलूनही चालू करू नका. हौशी पाहुणे हेच आधी करतात. कोरड्या बेअरिंगवर आणि गंजलेल्या लायनरवर दोन मिनिटे इंजिन फिरले तर चांगले कामही वाया जाते. "बघा, चालू झाली!" म्हणून कुणी टाळी वाजवली तरी त्यावरून भाव ठरवू नये.

आता तपासणी. ती ओळखीच्या आणि दोघांनाही मान्य असलेल्या उस्तादाकडून करावी. भाच्याचाच मित्र किंवा आपलाच शेजारी नको.

आधी डिपस्टिक काढून बघावी. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. पातळी खुणेच्या वर असेल तर तेलात डिझेल किंवा पाणी मिसळले आहे. मग खालचा नट सैल करून तेल भांड्यात घ्यावे. पाणी असेल तर ते आधी येते. तेलाचा फिल्टर कापून त्यातला कागद पांढऱ्या फडक्यावर पुसावा. पिवळसर-तांबूस चकाकी दिसली तर ती बहुधा बेअरिंगची. लोहचुंबकाला काही चिकटले तर ते लोखंड.

मग गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना ओंडा आणि बॅटरीची वायर सुटी ठेवून नोझल काढावेत. त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून एक-दोन दिवस थांबावे. नंतर पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने हाताने हळूहळू फिरवावे. पूर्ण दोन फेरे व्हायला हवेत, कारण चारही सिलिंडरचे सगळे ठोके दोन फेऱ्यांत येतात. सगळीकडे सारखे जड लागले तर बरे लक्षण. एका जागी अडले तर पान्याला पाइप लावून जोर करू नये. तिथेच थांबावे. इंजिन उघडावे लागणार, एवढे कळले, आणि तपासणी त्यासाठीच होती.

नोझलच्या भोकातून आत बघायचा बारीक कॅमेरा आता मोबाइलला जोडता येतो आणि बऱ्याच गॅरेजांत असतो. लायनरवर नुसती तपकिरी झाक असेल तर फारशी चिंता नाही. नखाला लागतील असे खड्डे पडल्याचे दिसले तर लायनर गेला.

फिरले आणि आतही ठीक दिसले, तर नवे तेल व फिल्टर घालावा. डिझेलची टाकी धुवावी आणि पंप व नोझल कॅलिब्रेशनला पाठवावेत. ते परत आले की नोझल बसवण्याआधी, भोके उघडीच ठेवून आणि डिझेल बंद करून, सेल्फने इंजिन फिरवावे. यात दोन गोष्टी साधतात. आत सोडलेले तेल बाहेर उडते, आणि ऑइल प्रेशर वर चढून सगळ्या बेअरिंगना तेल पोचते. आतले तेल न काढता नोझल बसवले तर पिस्टनच्या डोक्यावर ते अडकून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

त्यानंतर गेज लावून कॉम्प्रेशन घ्यावे. इथे मोठा आकडा बघू नका, चारही आकड्यांतला फरक बघा. तीन सारखे आणि एक बराच खाली असेल, तर त्या सिलिंडरची रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी बोलते आहे.

शेवटी इंजिन चालू करायचे ते उघड्यावर, छपराखाली नाही. हाताशी एक सपाट लाकडी फळी ठेवावी. डिझेल इंजिन कधी कधी आवरत नाही, वेग वाढतच जातो. तेव्हा किल्ली उपयोगाची नसते. हवेचे तोंड फळीने बंद केले की ते थांबते. हात किंवा फडके लावू नये. तापल्यावर मंद चालीत ऑइल प्रेशर टिकते का, तेल भरायच्या झाकणातून धुराचा जोर येतो का, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, हे बघावे. निळा धूर म्हणजे तेल जळते. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा सुरुवातीला येतो, गरम झाल्यावरही थांबला नाही तर काळजी करावी.

आता भाव. हिशोब साधा आहे. आपल्या भागात याच मॉडेलची चालू गाडी आज कितीला जाते ते दोन-तीन ठिकाणी विचारा. त्यातून टायर, बॅटरी, रबरी पाइप, सील, पंप आणि कागद यांचा ठरलेला खर्च वजा करा. तपासणी पार पडली तर उरलेला आकडा हाच योग्य भाव. तपासणीत नापास झाली, किंवा कुणी तपासूच दिली नाही, तर इंजिन पुन्हा उघडण्याचा खर्चही वजा करा. समजा चालू गाडी १,८०,००० रुपयांना जाते, ठरलेला खर्च ४५,००० आणि इंजिनाचे काम ७०,०००. मग पास झाल्यास १,३५,०००, नाही तर ६५,०००. हे आकडे समजण्यापुरते आहेत, आपले आपण विचारून घ्यावेत. मरहूम पतींनी कामावर खर्च केलेले पैसे मात्र यात वेगळे मिळवता येत नाहीत. ते मनाला लागते हे आम्ही जाणतो, पण भाच्याने ते का भरावे?

या दोन आकड्यांतला फरक बघा, म्हणजे तपासणीचे दोन-चार हजार का वाचवू नयेत ते कळेल. तो खर्च दोघांनी अर्धा-अर्धा करावा. मग निकाल कुणाच्याही बाजूने लागो, घरात कुरबुर राहत नाही.

कागदांचे मात्र आधी उरका. मालक वारल्यावर गाडी वारसांची होते. एकट्या पत्नीची नव्हे, मुलामुलींचाही त्यात हिस्सा आहे. सगळ्यांच्या संमतीने फॉर्म ३१ भरून नाव बदलायचे असते. मुदत तीन महिन्यांची होती, ती उलटली असली तरी दंड भरून काम होते. त्यानंतरच फॉर्म २९ आणि ३० वर भाच्याच्या नावे विक्री. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर गाडी आरटीओला दाखवून पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवावी लागते, विमा आणि पीयूसीही लागते. भाच्याने पुढेमागे भाड्याने माणसे किंवा माल वाहायचा विचार केला तर खासगी नोंदणीवर ते चालत नाही, हे त्याला आत्ताच सांगा.

आणि दुसरा आकडा भंगाराच्या भावाखाली गेला, तर भंगारात द्यायला कमीपणा नाही. पण नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाही तर गाडी जाईल आणि मरहूमांचे नाव आरटीओच्या दप्तरात तसेच राहील.

सौदा ठरला की एका कागदावर लिहा: काम कधी झाले, क्रँक कितीने घासला, किती दिवस उभी होती, उस्तादाला काय दिसले आणि काय दिसले नाही. ऐब असेल तर तोही लिहा. खाली दोघांच्या सह्या, आणि एकेक प्रत दोन्ही घरांत.