गळक्या रक्तवाहिन्या आणि औषधाची वाट

कर्करोगाच्या उपचारांविषयी बोलताना डॉक्टरांच्या तोंडून ‘लायपोसोमल’ किंवा ‘नॅनो’ हा शब्द आला, की कुटुंबीयांच्या मनात एक आशा जागी होते. हे औषध नेमके गाठीवरच जाईल आणि उरलेल्या शरीराला त्याची झळ लागणार नाही, असे त्यांना वाटते. ही आशा निराधार नाही. परंतु ती जशीच्या तशी खरीही नाही. खर्च, रुग्णाचे वय आणि त्याच्या हृदयाची अवस्था यांचा मेळ घालून निर्णय घ्यावयाचा असेल, तर या औषधांचे कार्य समजून घेणे हिताचे ठरते.

निरोगी केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी बहुतेक अवयवांत एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. त्यांतून लहान रेणू सहज पाझरतात, मोठे कण पाझरत नाहीत. कर्करोगाची गाठ वेगाने वाढते आणि रक्तपुरवठ्यासाठी घाईने नव्या वाहिन्या उभारते. घाईत रचलेल्या भिंतीप्रमाणे त्या कच्च्या राहतात, वेड्यावाकड्या असतात, त्यांना फटी पडतात. शिवाय पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या गाठीच्या आत नीट चालत नाहीत. म्हणजे आत शिरण्यास वाट आहे, पण निचरा तुंबलेला. जपानमधील कुमामोतो विद्यापीठातील यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ साली उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले. रक्तातील प्रथिनासारखे मोठे रेणू गाठीत शिरून तेथेच साचून राहतात, असे त्यांना आढळले.

याच तत्त्वाचा आधार घेत डॉक्सोरुबिसिन हे जुने, प्रभावी औषध मेदाच्या सूक्ष्म कुपीत बंद करण्यात आले. ही कुपी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी असते. एवढा कण मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटत नाही आणि रक्तात दीर्घकाळ फिरत राहतो. अमेरिकेत या औषधाला १९९५ मध्ये मान्यता मिळाली.

मात्र गळकी वाहिनी म्हणजे गाठीचे उघडे दार नव्हे. निचरा नसल्याने गाठीच्या आत द्रवाचा दाब वाढतो आणि तो येणाऱ्या औषधालाच मागे रेटतो. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा वाटेतच टिपून घेतात. टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोग तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचलेल्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. माणसांत तर एका रुग्णाची गाठ दुसऱ्यासारखी नसते; एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही फरक असतो.

मग लाभ कोणता? पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ५०९ स्त्रियांवरील एका तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग रोखून धरण्यात कुपीतील आणि साधे डॉक्सोरुबिसिन जवळपास सारखेच ठरले. परंतु कुपीतील औषधाने हृदयाला होणारी इजा पुष्कळच कमी होती. निरोगी हृदयाच्या घट्ट वाहिन्यांतून ही मोठी कुपी सहजी बाहेर पडत नाही. म्हणून हे औषध रामबाण नव्हे. त्याचे मोल ते कोठे जाते यापेक्षा कोठे जात नाही, यात अधिक आहे. उतारवयातील किंवा हृदय दुबळे असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा लाभ लहान नाही.

त्याची किंमतही शरीर वेगळ्या ठिकाणी मोजते. त्याच चाचणीत तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास कुपीतील औषधाने ४८ टक्के स्त्रियांना झाला, साध्या औषधाने २ टक्क्यांना. म्हणून घरच्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उपचारानंतरचे काही दिवस कढत पाण्याने स्नान, घट्ट पादत्राणे, फार चालणे आणि हातापायांना जोरात मालिश टाळावे. हातापायांना मुंग्या, जळजळ किंवा लाली जाणवताच पुढील मात्रेची वाट न पाहता कळवावे. मात्रा कमी करून किंवा अंतर वाढवून त्रास आटोक्यात ठेवता येतो. औषध शिरेतून चालू असताना, विशेषतः पहिल्या वेळी, धाप, छातीत आवळल्यासारखे वाटणे किंवा पाठदुखी जाणवली तर तत्क्षणी परिचारिकेला सांगावे. नंतर लघवीला तांबूस-नारिंगी छटा आल्यास घाबरू नये. ती औषधाच्या रंगाची असू शकते. परंतु १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

साध्या आणि कुपीतील औषधाची मात्रा व वेळापत्रक निराळे असते. नाव सारखे दिसले तरी एकाच्या जागी दुसरे चालत नाही. त्यामुळे चिठ्ठी, औषधाचे वेष्टन आणि देयक यांवरील पूर्ण नाव जुळवून पाहावे. आणि हे औषध सुचविले गेले, तर डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : “आमच्या रुग्णाच्या बाबतीत याचा साध्या औषधाहून नेमका कोणता फायदा अपेक्षित आहे? गाठीवर अधिक परिणाम, की हृदयाला कमी त्रास?” उत्तर कळल्यावर खर्चाचा विचार अधिक शांतपणे करता येतो.